भोजलीची बाटली

आधी माफी मागतो. औषधांच्या चाचण्या कशा आखतात आणि त्यांचा हिशेब कसा लावतात, हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा किंवा संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे. मी त्यातला कोणी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढीच माझी ओळख. त्यात माझी शाळा हिंदीतून झाली आणि मराठी फक्त घरात बोललो, त्यामुळे हे लिहिताना प्रत्येक वाक्याला दोनदा अडतो. तरीही लिहितो आहे, कारण या विषयातली एक गोष्ट मी एकदा आईला चुकीची समजावून सांगितली होती आणि त्या चुकीचं पुढे जे झालं तेही माझ्याच हातून झालं.

नवीन राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. रायपूर राजधानी झालं होतं आणि सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवर जुन्या राज्याचं नाव पुसून नवं रंगवलं होतं. रंग पातळ असला की खालची अक्षरं दिसत. आम्ही बीरगावला राहायचो. बाबा भंडाऱ्याकडून शेजारच्या उरला औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये कामाला आले होते, आई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. उभं राहूनच सगळं काम. तिला शुगर होती, आणि दोन वर्षांपासून तळपायांची आग होत होती. घरी आली की ती परातीत पाणी घेऊन त्यात पाय ठेवून बसायची. पाय असेच राहिले तर काम सोडावं लागेल, आणि काम सोडून घरात बसणं हे तिच्या हिशेबी मरणाच्या जवळचं होतं.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, फुकट काही येत नसे. आलंच तर त्याच्या मागोमाग मत मागणारा किंवा जागा मागणारा माणूस येई. म्हणून शाळेत शुगर तपासणीचं फुकट शिबिर लागलं तेव्हाच मला ते खटकलं होतं. शिबिरात ज्यांनी पायांची आग होते असं सांगितलं, त्यांना शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात बोलावलं. येण्याजाण्याचं भाडं मिळणार होतं, वर नाश्ता. आमच्या पाऱ्यातून दोघी निवडल्या गेल्या: आई आणि तिची भोजली.

भोजली म्हणजे काय ते सांगायला हवं. श्रावणात इकडच्या बायका टोपलीत गहू पेरून अंधारात वाढवतात. त्या पिवळ्या रोपांना भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तलावात सोडतात, आणि तेव्हा दोन बायकांनी एकमेकींच्या कानावर ती रोपं खोवली की जन्माचं नातं जुळतं. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, ‘भोजली’ म्हणूनच हाक मारायची. आई विदर्भातली, तिच्या माहेरी ही रीत नव्हती. पण मी लहान असताना समोरच्या घरातल्या छत्तीसगढी बाईशी तिने हे नातं जोडलं. मी त्यांना भोजली दाई म्हणायचो. दाई म्हणजे आई. एकीकडे पपई आली की ती कापूनच दुसरीकडे जायची. लहानपणी मी समजत होतो की पपई अर्धीच असते.

दवाखान्यात मी दोघींसोबत गेलो, कारण संमतीपत्र वाचायला कोणीतरी हवं होतं. कागद हिंदीत होता. लिहिलं होतं की शुगरची नेहमीची औषधं सगळ्यांची चालूच राहतील. पायांच्या आगीसाठी मात्र अर्ध्या लोकांना नवी गोळी मिळेल आणि अर्ध्या लोकांना अगदी तशीच दिसणारी साधी गोळी, जिच्यात औषध नाही. कोणाला कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल.

टेबलामागे एक दीदी होत्या. चाचणीचं सगळं काम त्या बघायच्या. मी विचारलं, आईला कोणती मिळणार?

“मुझे भी नहीं पता,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर साहब को?”

“उनको भी नहीं.”

“तो फिर पता किसको है?”

त्या हसल्या. यादी दुसऱ्या शहरात बंद आहे, इथे फक्त बाटल्यांवर नंबर येतात, असं त्यांनी सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. खिडकीमागचा माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा सांगायचं नसतं, हा माझा तोवरचा अनुभव होता. पण आईने अंगठ्यावर शाई लावून घेतली होती. तिला पायांची पडली होती.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो आणि संख्याशास्त्र हा माझा एक विषय होता. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सरांना गाठलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, यात काहीतरी गडबड आहे. त्यांनी उलट मलाच विचारलं, डॉक्टरांनी स्वतः ठरवून गोळ्या दिल्या तर काय होईल? मग त्यांनी समजावलं, आणि ते मी संध्याकाळी अंगणात बसून दोघींना माझ्या भाषेत सांगितलं.

भोजली दाईच्या घरची गावाकडे शेती होती, म्हणून मी धानाचं उदाहरण घेतलं. समजा नवं बियाणं आलं. ते तुम्ही कन्हारात पेरलं, म्हणजे खालच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत, आणि जुनं पेरलं वरच्या मुरमाड भाठ्यात. नव्याला पीक जास्त आलं. मग ते बियाण्याचं म्हणायचं की जमिनीचं?

“कन्हार म तो कुछु बो दे, हो जाही,” भोजली दाई लगेच म्हणाल्या. कन्हारात काहीही टाका, उगवणारच.

तेच तर, मी म्हणालो. डॉक्टरही माणूस आहे. ज्याचे पाय फार दुखतात त्याला तो दयेने नवी गोळी देईल, किंवा औषध चांगलं दिसावं म्हणून बरा दिसणारा रोगी निवडेल. म्हणून चिठ्ठी. दोन्हीकडे थोडा कन्हार, थोडा भाठा आपोआप पडतो. माणसं पुष्कळ असली की दोन्ही बाजू जवळपास सारख्या होतात, आणि शेवटी जो फरक उरतो तो बियाण्याचा.

मी खूश झालो होतो. माझं शिक्षण घरात पहिल्यांदा कामाला आलं होतं. तेवढ्यात आईने विचारलं, “मंग आमच्या दोघीतून खरी कोणाले?”

“अर्धे-अर्धे आहेत ना,” मी म्हणालो. “म्हणजे एकीला खरी, एकीला साधी.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी समजलो की त्यांना पटलं.

दर महिन्याला दोघी नवी बाटली आणायच्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या. दीदी त्या मोजून घ्यायच्या, म्हणजे रोजची गोळी घेतली की नाही ते कळे. मग आगीला शून्य ते दहातला आकडा द्यायचा. पहिल्या वेळी आईने आठ सांगितला होता. दुसऱ्या महिन्यात पाच, तिसऱ्यात चार. परातीतलं पाणी बंद झालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला त्या चाराचाच संशय आला. घरी मी खोदून विचारलं. आई म्हणाली की आग कमी आहे हे खरं, पण चार सांगावं की पाच हे तिला कळत नव्हतं, मग तिने चार सांगितलं.

“ते डॉक्टर इतकं वाकून पाय पाहून राहिले. त्यायले बरं वाटलं पाहिजे ना.”

मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणूनच साधी गोळी लागते. कोणी काळजीने पाय पाहिला की आग थोडी कमी वाटतेच, आणि भिडेखातर आकडाही थोडा कमी सांगितला जातो. कोणाला कोणती गोळी हे रोग्यालाही माहीत नसलं, डॉक्टरलाही नसलं, की हा दिलासा आणि ही भीड दोन्ही गटांत सारखीच पडते. मग एकातून दुसरं वजा करता येतं. डॉक्टरला माहीत असतं तर त्याचा चेहराच सांगून गेला असता.

आता वाटतं, मी तिथेच थांबायला हवं होतं. पण तोवर मी मनाशी पक्कं केलं होतं की आईची गोळी खरी आहे. आठाचे चार उगाच होतात का? आणि तसं असेल तर माझ्याच सांगण्याप्रमाणे भोजली दाईंची साधी. मग भोजली दाईंची चालही का सुधारली? त्या आता तलावापर्यंत न थांबता जायच्या. पूर्वी वाटेत दोनदा बसायच्या.

मी एक गोष्ट केली. नवी बाटली आली त्या दुपारी आई पाणी भरायला गेली असताना मी तिच्या सगळ्या गोळ्या कागदावर ओतल्या आणि प्रत्येकीवर निळ्या बॉलपेनने बारीक ठिपका दिला. बाटली परत जागेवर. त्याच रात्री, तिने त्यातली पहिली गोळी घेण्याआधी, उघडून पाहिलं तर अर्ध्या गोळ्यांवर ठिपका होता, अर्ध्या कोऱ्या होत्या. जवळपास अर्ध्या नव्हे, मोजून अर्ध्या.

हा बरोबर अर्धा आकडा माझ्या डोक्यात बसला. सर शिकवायचे की योगायोग इतका नेटका नसतो. बाटल्या चुकून मिसळल्या असत्या तर दोन-चार इकडेतिकडे झाल्या असत्या. इथे कोणाचा तरी हात होता, आणि तो मोजून चालला होता. आई तर भोळी. कोणाचा हात असेल हे मी ठरवून टाकलं. आमच्या घरात न विचारता सरळ आत येणारी एकच बाई होती.

आईला मी विचारलं नाही. विचारलं तर ती भोजलीची बाजू घेईल अशी माझी खात्री होती. दोघींना चाचणीतून काढतील, ही भीतीही होती, आणि काढलं तर आईचे पाय पुन्हा परातीत जातील. दोन दिवस मी कॉलेजात जाऊन नुसता बसलो. शेवटी वाटलं, न सांगितलं तर आईचं औषध अर्धं चोरीला जातच राहील. मी अर्ज लिहिला. कॉलेजात अर्ज लिहायला शिकलो होतो, तशाच भाषेत: सविनय निवेदन है कि मेरी माता जी की दवा पड़ोस की एक महिला निकाल कर ले रही है. खाली सही केली आणि दीदींच्या हातात दिला.

पुढच्या तपासणीला दीदींनी तिघांनाही आत बोलावलं. मला वाटलं होतं त्या आधी मला एकट्याला विचारतील. त्यांनी सरळ अर्ज वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज साधा होता, कागद वाचावा तसा.

फक्त “परोस के एक महिला,” एवढे चार शब्द भोजली दाईंनी हळू म्हटले, पाठ करावेत तसे. मग पदर नीट केला.

बोलली ती आई. पहिल्याच महिन्यापासून दोघी मिळून हे करत होत्या. बाटल्या आल्या की भोजली दाईंच्या अंगणात सूप घ्यायचं, दोन्ही बाटल्या त्यात ओतायच्या, हलवायचं आणि दोन वाटे करायचे. या वेळी काही गोळ्यांवर निळे ठिपके दिसले. भोजली दाईंना वाटलं ही दवाखान्याची खूण आहे आणि ठिपकेवाली गोळी बहुधा खरी. म्हणून त्यांनी ठिपकेवाल्या वेगळ्या मोजून अर्ध्या-अर्ध्या केल्या, कोऱ्याही अर्ध्या-अर्ध्या. कमीजास्त होऊ नये म्हणून.

“यानंच सांगतलं होतं,” आईने माझ्याकडे न पाहता दीदींना सांगितलं. “एकीले खरी, एकीले खोटी. मंग एकीनं खरी खावी न् एकीनं नाही, असं कसं करू आम्ही? कानावर भोजली खोवली आहे.”

दीदींना हे हिंदीत नीट समजावून सांगावं लागलं, आणि ते मलाच सांगावं लागलं. मी सांगत असताना भोजली दाई मध्येच म्हणाल्या, “चिट्ठी जेकर निकले, बाँटबो त हमन दूनो.” चिठ्ठी कोणाचीही निघो, वाटून तर आम्ही दोघीच घेणार. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दीदी रागावल्या नाहीत, पण गंभीर झाल्या. एकीला दिलेली गोळी दुसरीच्या पोटात गेली आणि काही त्रास झाला, तर तो कशाने झाला हे आम्हाला कळणारही नाही, असं त्या म्हणाल्या. आणखी एक गोष्ट होती. औषध खरोखर चांगलं असलं आणि दोन्हीकडच्या बायकांनी थोडं-थोडं घेतलं, तर दोन गटांतला फरक पुसट होईल. शेवटी हिशेब करणारे म्हणतील की गोळीत दम नाही. मग ती कोणालाच मिळणार नाही.

भोजली दाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त मेड़ ल हमीच मन फोर देन.” म्हणजे बांध आम्हीच फोडला. एका शेतातलं खत पाण्याबरोबर शेजारच्या शेतात गेलं. मी अंगणात तासभर बोलून जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

मी घाबरत विचारलं की आता दोघींना काढणार का. दीदी म्हणाल्या, नाही. झालेली चूक कागदावर लिहिली जाईल, जुन्या गोळ्या जमा होतील, नव्या बाटल्या मिळतील आणि त्या मिसळायच्या नाहीत. शेवटी मोजताना, ज्याचं नाव चिठ्ठीने ज्या गटात पडलं तो त्याच गटात मोजला जाईल, मग त्याने गोळी घेतली असो, विसरला असो की वाटली असो. मला हे विचित्र वाटलं. त्यांनी समजावलं की चुकणाऱ्यांना वगळत गेलं तर मागे फक्त शिस्तीची माणसं राहतात, आणि चिठ्ठीने जी बरोबरी केली होती ती जाते. खऱ्या घरांतही औषध असंच घेतलं जातं, विसरत आणि वाटत.

टेम्पोत परत येताना भोजली दाई पुढे बसल्या, आम्ही मागे. नंतरच्या महिन्यांत त्या दवाखान्यात वेगळ्या दिवशी जाऊ लागल्या. आमच्या दारातून त्या पुन्हा आत आल्या नाहीत. आईने एकदाच विषय काढला. माझी थाळी समोर ठेवली आणि म्हणाली, “तू शिकला, चांगलं झालं. सांगायचं ते सांगतलं, तेही ठीक. पण महिला काहून लिहिलं रे? दाई लिहायले काय झालं होतं?”

मी पोळी मोडायला घेतली.

पाय पुन्हा जळू लागले. आई आता दीदींना खरा आकडा सांगायची: सहा, मग सात. परात पुन्हा निघाली. समोरच्या अंगणातही संध्याकाळी घमेल्यात पाणी दिसायचं, पण मी त्यातून काही अर्थ काढायचा नाही असं ठरवलं. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, एवढं तरी मी शिकलो होतो. त्या श्रावणात आई तलावावर गेली नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी वर्गात एक खेळ घेतला. प्रत्येकाने दोन नाणी एकदम उडवायची, पुन्हा पुन्हा, आणि काय पडलं ते वहीत लिहायचं. मी लिहीत गेलो. एक छापा एक काटा पुष्कळदा आलं, पण दोन्ही छापे आणि दोन्ही काटे मिळून तेवढ्याच वेळा आले. मी पेन खाली ठेवलं. पुष्कळ लोकांत अर्धे-अर्धे असणं वेगळं आणि दोघींत एक-एक असणं वेगळं. दोघींनाही खरी मिळू शकत होती. दोघींनाही साधी. ‘एकीला खरी, एकीला साधी’ हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते माझं होतं. त्याच वाक्यावर त्यांनी सूप मांडलं आणि त्याच वाक्यावर मी चोर शोधला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“आता सांगून राहिला?” ती म्हणाली, आणि निवडत राहिली.

समोर जाऊन भोजली दाईंना सांगायची हिंमत मला झाली नाही. दोनदा दारापर्यंत गेलो. एकदा त्यांची सून बाहेर आली, तिला मी वाजले किती ते विचारून परत आलो.

चाचणी संपली. दीदींनी सांगितलं होतं की सगळ्या शहरांचं काम पुरं झालं आणि हिशेब बंद झाला की बंद यादी उघडेल, आणि कोणाला कोणती गोळी होती ते प्रत्येकाला पत्राने कळवलं जाईल. मी धरून चाललो की पत्र येणार नाही. मी पुढे शिकायला बिलासपूरला गेलो. त्या औषधाचं काय झालं, ते दुकानात आलं की नाही, हे मला कधी कळलं नाही.

एका रविवारी सकाळी होस्टेलच्या फोनवर आईचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नसे, म्हणून जिने उतरताना मी वाईटच विचार करत होतो. पण तिचा आवाज बरा होता. मागे कोणीतरी बायका बोलत होत्या.

पत्र आलं होतं. तिच्या नावाने एक आणि समोर एक, एकाच दिवशी. घरात वाचणारं कोणी नव्हतं. बाबा ड्यूटीवर होते. पाऱ्यात पत्र वाचू शकणारी जवळची एकच, भोजलीची सून. आई पाकीट घेऊन बराच वेळ आपल्याच दारात उभी होती. मग समोर गेली.

“तिनं दोन्ही वाचून दाखवले,” आई म्हणाली. “आधी तिच्या सासूचं, मंग माहं.”

पत्रांत काय लिहिलंय ते मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

फोन हातात धरून आई मागे वळून कोणाला तरी काहीतरी म्हणाली, आणि मला ‘भोजली’ हा शब्द ऐकू आला. मग ती परत फोनवर आली.

“दोघीचंही सारखंच निघालं,” ती म्हणाली. “दोन्ही बाटल्यांत साधीच गोळी होती, बाबू. पहिल्यापासून.”